काचेची कैफियत : प्रस्तावना

काचेची चीप छापील कागदावर ठेवून वरून सरळ खाली पाहिले, तर तिच्याखालचे अक्षर पुसट होत नाही, त्याचा आकार बिघडत नाही, परंतु ते कागद सोडून वर आल्यासारखे दिसते. आणि चीप सहा सेंटिमीटर जाडीची असेल तर ते सुमारे दोन सेंटिमीटर वर आलेले असते, हे शेजारी टाचणी धरून कोणालाही मोजता येते. शाळेच्या प्रयोगवहीत ही गोष्ट 'आभासी खोली' या सदरात नोंदली जाते, तिच्यापुढे 1.5 हा काचेचा वक्रीभवनांक मांडला जातो आणि प्रकरण निकालात निघाले असे समजून वही मिटली जाते. वस्तुतः चौकशीला प्रारंभ व्हावयाचा तो येथून. जी काच प्रकाशाला अडवीत नाही आणि रंगवीत नाही ती त्याच्याशी काही व्यवहारच करीत नाही, असा आपला सर्वसाधारण ग्रह असतो. आणि तरीही निर्वातात सेकंदाला सुमारे 3 लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश नेहमीच्या काचेत सुमारे 2 लक्ष किलोमीटरच धावतो. हा एक लक्षाचा फरक काच कशी घडवून आणते, आणि पलीकडच्या पृष्ठभागातून बाहेर पडताक्षणीच, कोणीही पुन्हा ढकललेले नसताना, तो वेग पूर्ववत कसा होतो, या एकाच प्रश्नाभोवती हे सगळे पुस्तक फिरते.

हा विषय विलायतेतून आला आणि प्रयोगशाळेत राहिला, अशी आमच्या शेवगाव तालुक्यातल्या विद्यार्थ्याची समजूत असते, आणि तिला पाठ्यपुस्तकेही काही अंशी कारण आहेत. पण नकाशावर शेवगाव मध्ये धरून पाहिले तर निराळे चित्र दिसते. शेजारच्या नेवाशास प्रवरेच्या काठी 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली जे उत्खनन केले त्यात काचेचे मणी निघाले, बांगड्यांचे तुकडे निघाले. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी टेकाडावर 1945-46 मध्ये त्यांच्याबरोबर काम केलेल्या डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला, तो 1969 साली प्रसिद्ध झाला, आणि या विषयात पाऊल टाकणाऱ्याने आजही तो प्रथम चाळावा इतक्या योग्यतेचा आहे. गोदावरीच्या खोऱ्यातल्या या जुन्या काचेचे मोल तिच्या रंगात होते. तिच्यातून पलीकडचे पाहावे ही अपेक्षा तिच्याकडून कोणी केलेली नव्हती. पारदर्शकता हा काचेचा जन्मसिद्ध गुण नव्हे. तो मोठ्या सायासाने, भट्टीचा ताव आणि वाळूचा कस सांभाळून, माणसाने तिच्यात आणलेला गुण आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास नीट लागतो.

काचेतून दिसते कसे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार जुना आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात डोळा वस्तूपर्यंत पोचून तिचे ज्ञान करून देतो की न पोचता, या वादाच्या ओघात पूर्वपक्ष करणारा विचारतो की, पोचूनच ज्ञान होत असेल तर काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आडची वस्तू दिसावी कशी? सिद्धान्त्याचे उत्तर असे की, भिंतीआडची वस्तू दिसत नाही, तेव्हा अडथळा हा अडथळाच असतो. काच मात्र तेजाचा प्रतिघात करीत नाही, आणि सूर्याचे किरण स्फटिकातून पार होऊन पलीकडचे जळण तापवितात हा त्याचा दाखला. डोळ्यातून तेज बाहेर पडते ही नैयायिकांची कल्पना पुढे टिकली नाही. परंतु उष्णता आणि प्रकाश स्फटिकातून एकाच न्यायाने पार होतात की निरनिराळ्या, हा विचार त्या युक्तिवादात बीजरूपाने आहे, आणि तो अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. या ग्रंथांत आधुनिक भौतिकी दडलेली आहे असे सांगणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही; कारण नैयायिकांनी कोन मोजले नाहीत, आणि कोन मोजल्यावाचून या शास्त्रात एक पाऊलही पुढे पडत नाही.

कोन मोजण्याचे काम दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आरंभिले. हवेतून काचेत शिरणाऱ्या किरणांचे त्याने कोष्टक केले, पण त्यामागचा नियम त्याच्या हाती लागला नाही. तो प्रथम लागला बगदादच्या इब्न सहलला, सुमारे 984 साली, आणि तोही तापक भिंगांचा आकार काढीत असताना. पुढे काही दशकांनी इब्न अल्-हैसम याने प्रकाश डोळ्यातून निघत नसून डोळ्यात येतो हे अनेक प्रयोगांनी ठसविले. युरोपात 1621 च्या सुमारास स्नेलने आणि 1637 साली छापून देकार्तने तोच नियम दिला : पतनकोन आणि वक्रीभवनकोन यांच्या ज्यांचे (साइनांचे) गुणोत्तर कायम राहते. हवेतून 45 अंशांनी पडलेला किरण काचेत सुमारे 28 अंशांवर येतो तो या नियमामुळे. यावर 1662 मध्ये फर्माने जो विचार मांडला तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत धीट वाटतो. त्याने म्हटले की, प्रकाश दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा नव्हे, तर सर्वांत कमी वेळाचा मार्ग धरतो, आणि काचेत त्याचा वेग मंदावतो एवढे गृहीत धरले की स्नेलचा नियम आपोआप निघतो. अचेतन प्रकाशाला वेळेचा हिशेब आधीच कसा कळतो, असा आक्षेप त्याच्यावर तत्काळ आला. त्याचे खरे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

येथून दोन संप्रदाय फुटतात. न्यूटनच्या मते प्रकाश कणांचा, आणि काच त्या कणांना आपल्याकडे ओढते म्हणून काचेत वेग वाढतो. हायगेन्सच्या 1690 च्या ग्रंथाप्रमाणे प्रकाश लहरींचा, आणि काचेत त्या मंदावतात. दोन्ही पक्षांना किरण सारखाच वळलेला दिसतो, म्हणून नुसत्या कोनांवरून वाद तुटेना, आणि न्यूटनच्या अधिकारामुळे शंभर वर्षांहून अधिक काळ हायगेन्सचा पक्ष मागे पडला. यंगने आणि फ्रेनेलने लहरींची बाजू पुन्हा उभी केली, आणि 1850 मध्ये फूकोने फिरता आरसा लावून पाण्यातला प्रकाश हवेतल्यापेक्षा हळू जातो हे प्रत्यक्ष दाखविले तेव्हा निवाडा झाला. पण न्यूटनचे खरे ऋण दुसरेच आहे. लोलकातून पडलेले रंग लोलकाने उत्पन्न केलेले नसून पांढऱ्या प्रकाशातच असतात, काच त्यांना केवळ कमी-अधिक वळवून वेगळे करते, हे त्याने 1672 मध्ये मांडले ते आजही जसेच्या तसे खरे आहे. या रंगविभागणीमुळे भिंगाच्या दुर्बिणीत प्रत्येक ताऱ्याभोवती रंगीत झालर येते, आणि ती कधीच टाळता येणार नाही असा न्यूटनचा अभिप्राय होता. 1758 साली डॉलंडने क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांची भिंगे जोडून एकीचा दोष दुसरीने काढला आणि तो अभिप्राय रद्द ठरविला.

त्यानंतरची कथा काचेच्या परीक्षेची आहे, आणि ती आपल्या मुलखात येऊन पोचते. बव्हेरियातला फ्राउनहोफर हा भिंगे घडविणारा कारागीर. निरनिराळ्या काचा कोणत्या रंगाला नेमक्या किती वळवितात हे मोजण्यासाठी त्याला वर्णपटात पक्क्या खुणा हव्या होत्या. त्या शोधताना 1814 मध्ये त्याला सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा आढळल्या. म्हणजे काचेची परीक्षा चालली असता सूर्याची ओळख पटण्याचे साधन हाती आले. त्या रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या, हे 1859 नंतर किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी वाचून दाखविले. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास ग्रहणाची छाया दक्षिण महाराष्ट्रावरून गेली, तेव्हा पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन लोलकयुक्त उपकरणे लावून बसले होते, आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून नेताच त्यांना काळ्याऐवजी तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमची नव्हे हे पुढे ठरले आणि हेलियम या मूलद्रव्याची चाहूल लागली; पृथ्वीवर ते 1895 साली सापडले. विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवून लॉकियरने हेलियम येथे शोधला असे सांगितले जाते, त्यात दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. 1868 साली लॉकियर विलायतेतच होता, आणि त्या वर्षीच्या 20 ऑक्टोबरला त्याने ग्रहणावाचूनच ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. विजयदुर्गास तो आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला.

त्याच 1898 च्या ग्रहणाची दुसरी छावणी जेऊरला होती. आपल्या नगर तालुक्यातले हे जेऊर नव्हे, तर करमाळा तालुक्यातले, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तेथे आपल्या सहायकांसह उतरले होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची; तिच्या प्रारंभी सूर्याची शेवटची कड झाकली जाताना, वर्णपटातल्या काळ्या रेषा एकाएकी उजळ होऊन जे क्षणवर्णपटाचे दृश्य दिसते ते तर एक-दोन सेकंदच टिकते. त्या एक-दोन सेकंदांत सूर्यापासून निघालेला प्रकाश काचेच्या काही इंच जाडीतून गेला, प्रत्येक रंग आपापल्या कोनाने वळला आणि छायापटावर ठसला. आपल्या मराठी मुलखातल्या माळरानावर, स्वदेशी शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली, एवढ्या योग्यतेचे काम झाले, आणि आमच्या शाळांतून नायगमवालांचे नाव ऐकू येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुण्याची वेधशाळा 1912 साली बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आता 'का' हा प्रश्न. काच वळविते, मंदावते, रंग वेगळे करते, हे मोजून झाले. पण ती हे करते कशी, याचे उत्तर 1865 मध्ये मॅक्सवेलने प्रकाश ही विद्युत्चुंबकीय लहर असल्याचे मांडल्यावर, आणि पुढे लॉरेंट्झने पदार्थातल्या विद्युत्भारित कणांचा त्या लहरीशी संबंध जोडल्यावरच देता आले. हे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण आपल्या शालेय शिक्षणात नेमके तेच गळाले आहे. काचेतले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी बांधलेले असतात. प्रकाशलहर आली की ते तिच्या तालावर किंचित डोलू लागतात, आणि डोलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःही एक बारीक लहर सोडतो. मूळ लहर आणि या असंख्य उपलहरी यांची बेरीज होते. बाजूला जाणाऱ्या उपलहरी परस्परांना जवळजवळ पूर्णपणे खोडून टाकतात. मागे जाणाऱ्यांची बेरीज म्हणजे परावर्तन. पुढे जाणाऱ्या मूळ लहरीत मिसळतात आणि, त्या थोड्या मागाहून आलेल्या असल्यामुळे, एकत्र झालेल्या लहरीचे शिखर प्रत्येक थरागणिक अल्पसे मागे सरकते. हे मागे सरकणे म्हणजेच काचेतला मंद वेग. अणूंमधल्या पोकळीत प्रत्येक लहर आपल्या मूळच्या वेगानेच चालते, म्हणून काच संपताच वेग परत मिळविण्याचा प्रश्नच उरत नाही.

रंगांचा भेद यातूनच उलगडतो. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलले तर हलक्या हातानेही झोका वाढत जातो आणि ढकलणाऱ्याची शक्ती तो पिऊन टाकतो. लय सोडून ढकलले तर तो थोडाच हलतो. शुद्ध काचेतल्या इलेक्ट्रॉनांची स्वतःची लय अतिनील प्रदेशात पडते. दृश्य प्रकाशाची लय तिच्यापेक्षा मंद, म्हणून काच त्याला शोषीत नाही. पण जांभळा रंग त्या लयीच्या अधिक जवळ, म्हणून त्याच्या तालावर इलेक्ट्रॉन अधिक डोलतात आणि तो तांबड्यापेक्षा अधिक वळतो. पारदर्शकता आणि वक्रीभवन हे काचेचे दोन स्वतंत्र गुण नसून एकाच डोलण्याची दोन फले आहेत, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपाद्य आहे. खिडकीची काच कडेने पाहिली म्हणजे हिरवी दिसते, तेही याच हिशेबात बसते. वाळूतल्या लोखंडाच्या अंशाची शोषणाची लय दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकाजवळ असते. समोरून पाहताना काही मिलिमीटरांत त्याचा परिणाम कळत नाही, कडेने पाहताना प्रकाश हातभर काचेतून आलेला असतो आणि त्यातला तांबडा भाग वाटेत खर्ची पडलेला असतो.

परावर्तनाचा भाग वरवर क्षुल्लक वाटतो, पण सर्वांत खोल पाणी तेथेच आहे. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के माघारी पाठवितो. खिडकीच्या काचेला दोन पृष्ठभाग, म्हणून 8 टक्के. रात्री नगरहून शेवगावला येणाऱ्या एस.टी.त आतला दिवा लागला की खिडकीत आपलाच चेहरा दिसतो आणि दिवा विझला की बाहेरची शेते दिसतात, तो या 8 टक्क्यांचा खेळ आहे. दिवसाही तेवढाच प्रकाश परतत असतो, पण बाहेरच्या उजेडापुढे तो लोपतो. आता काच अतिशय पातळ घेतली आणि प्रकाश एकाच रंगाचा घेतला, तर जाडी बदलताच परावर्तन शून्यापासून 16 टक्क्यांपर्यंत वरखाली होते. लहरीच्या भाषेत याचे स्पष्टीकरण सोपे आहे. पण प्रकाश कणाकणांनीच मोजला जातो हे विसाव्या शतकात सिद्ध झाल्यावर प्रश्न उभा राहिला की, पुढच्या पृष्ठभागावर आलेल्या कणाला मागच्या पृष्ठभागाचे अंतर कळते कसे? हा पेच न्यूटनलाही जाणवला होता, आणि त्याने कणांना परावर्तनाच्या व पारगमनाच्या पाळ्या असतात अशी कल्पना लढविली होती. फाइनमन आदींच्या पुंज सिद्धान्ताप्रमाणे कणाच्या सर्व संभाव्य मार्गांचा हिशेब एकत्र करावा लागतो, आणि त्या हिशेबातून फर्माचा कमीत कमी वेळाचा मार्गही निघतो, कारण त्याच्या आसपासचे मार्गच परस्परांना खोडून न टाकता बळ देतात. अमुक एक कण परतेल की पार होईल, हे मात्र हा सिद्धान्तही सांगत नाही.

शास्त्राची ही कथा भट्टीवाचून अपुरी राहते. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. 1916 साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या आश्रयाने, जो कारखाना उभारला त्याच्या प्रभाकर कंदिलाने खेडोपाडीच्या दोन पिढ्यांना रात्री वाचता आले. कंदिलाच्या काचेत बुडबुडा राहिला तरी चालतो. दुर्बिणीच्या भिंगात वक्रीभवनांकाचा पाचव्या दशांशस्थळाचा फरकही खपत नाही. ती दृक्काच 1884 पासून जर्मनीतल्या येना येथे आबे आणि शॉट यांनी शास्त्रशुद्ध रीतीने घडविली, आणि स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने ती विद्या आपल्या देशात रुजविली.

आज या विषयाची निकड कोणती, असे कोणी विचारील, तर त्याने आपल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीकडे पाहावे. रस्त्याच्या कडेने चर खणून जी तार तेथवर आणलेली असते तिच्या पोटात केसासारखा काचेचा तंतू आहे, आणि सात-बाराचा उतारा प्रकाशाच्या रूपाने त्यातून येतो. गाभ्याच्या काचेचा वक्रीभवनांक भोवतीच्या आवरणापेक्षा शेकडा एकाहूनही कमी अंशाने अधिक ठेवलेला असतो. तेवढ्यावर प्रकाश आतल्या आत परावर्तित होत कित्येक कोस जातो. चार्ल्स काओने 1966 मध्ये सांगितले की तंतूत प्रकाश वाटेतच विरतो हा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, आणि ती काढली की तंतू दूरच्या संदेशवहनास उपयोगी पडेल. आज चांगल्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही अवरक्त प्रकाशाचा अर्धा भाग शिल्लक असतो. उरलेली तूट काच थिजताना तिच्या घनतेत जे सूक्ष्म चढउतार कायमचे गोठतात त्यांच्यामुळे होते, म्हणजे ज्या विकिरणाने आकाश निळे दिसते त्याच विकिरणाने. असे तंतू आमच्यापासून फार दूर नसलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांतून तयार होतात. कपाशीच्या शेतातल्या पंपावर जी सौरपट्टी बसते तिच्यावरची काचही मुद्दाम लोखंडाचा अंश काढून केलेली असते, कारण तेथे कडेच्या हिरवेपणाइतकीही गळती परवडत नाही.

मराठीत या विषयावर लिहिण्याची परंपरा नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी पदार्थविज्ञान मराठीत आणण्यासाठी अपार कष्ट घेतले, आणि 1928 साली पुण्यात सुरू झालेल्या 'सृष्टिज्ञान' मासिकाने त्यांचा वसा पुढे चालविला. प्रस्तुत पुस्तक त्या परंपरेत आपली थोडी भर घालू पाहते. त्याला वाचकाकडून दहावीपर्यंतचे गणित पुरे आहे. पण गणित टाळण्यासाठी कारणमीमांसा टाळलेली नाही. प्रकरणांची मांडणी इतिहासक्रमाने नसून प्रश्नक्रमाने केली आहे, त्यामुळे फाइनमन फ्राउनहोफरच्या आधी भेटला तर वाचकाने गोंधळू नये. ध्रुवण आणि लेसर हे विषय मी मुद्दाम आखूड ठेवले आहेत. त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवेत. प्रयोग सगळे शेवगावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचे आहेत : काचेची चीप, टाचण्या, जुन्या झुंबराचा लोलक, चष्म्याच्या दुकानातून मागून आणलेली टाकाऊ भिंगे, मेणबत्ती.

प्रयोगांच्या भागाविषयी एक सूचना येथेच देणे मला अवश्य वाटते. ग्रहण पाहण्यासाठी काचेला दिव्याची काजळी धरण्याची रीत आमच्या घरोघरी होती आणि अजूनही आहे. काजळीमुळे सूर्याचा दृश्य प्रकाश मंद होतो आणि डोळ्याला सुखावह वाटतो. परंतु अवरक्त किरण त्या काचेतून बऱ्याच प्रमाणात पार होतात, बाहुली अंधारामुळे विस्फारलेली असते, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्यामुळे इजा झाल्याचे मागाहून समजते. 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपार उलटल्यावर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसावयाचे आहे. पावसाळी ढगांनी संधी दिली, तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी. तिची रीत शेवटच्या प्रकरणात आकृतीसह दिली आहे, आणि तिच्यात काचेचा उपयोग कोठेही केलेला नाही.

— शेवगाव